इकडे चालतं, तिकडे चालत नाही : डेअरीचा प्रोग्राम नव्या संगणकावर अडलाय, मदत हवी

खरवस | १९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, तोही रडगाण्याचा.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात एक छोटी दूध संस्था आहे. दोनशेच्या आसपास उत्पादक दूध घालतात. वडील तिथे सचिव. २०१० साली डिप्लोमा संपवून मी नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो, तेव्हा ॲक्सेस २००७ (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) मध्ये त्यांना एक प्रोग्राम करून दिला होता. खातेनंबर टाकला की नाव येतं, काट्यावरून वजन आपोआप येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकलं की दरपत्रकातून दर उचलून पावती छापली जाते. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंडीची आणि उचलीची कपात. पंधरा वर्षं एक दिवस दगा दिला नाही.

तो संगणक विंडोज ७ वाला. दिवाळीत त्याची हार्ड डिस्क कटकट आवाज करायला लागली, म्हणून संस्थेने नवा घेतला, विंडोज ११. गेल्या शनिवारी मी पुण्याहून गेलो, माझ्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधून ऑफिस टाकलं, प्रोग्रामची फाइल ठेवली आणि उघडली. लगेच एक लांबलचक इंग्रजी खिडकी आली. मथितार्थ असा, की या प्रोजेक्टमधला कोड ६४-बिटसाठी सुधारा, डिक्लेअर विधानं तपासा आणि त्यांना पीटीआरसेफ हा शब्द लावा. ती बंद केली तर फॉर्म अर्धवट उघडतो, आणि खातेनंबर टाकला की ‘लेफ्ट’ या शब्दावर निळा पट्टा येऊन ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’.

लेफ्ट! पहिल्या दिवशी शिकवतात ते फंक्शन. ते सापडत नाही म्हणे.

तूर्त जुन्याच संगणकावर देवाचं नाव घेत संकलन चालू आहे. मी आता नोकरीत कोडिंग करत नाही, जे येत होतं ते गंजलंय. कुठून सुरुवात करू?

अवकाळी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

पंधरा वर्षं चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नसतो. आमच्याकडे मिक्सरचं तसंच झालं होतं. (ह. घ्या.)

नटबोल्ट | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

दोन वेगवेगळी दुखणी आहेत, एकत्र कालवू नका.

पहिलं : सॉफ्टवेअर ३२-बिट (जुनी घडण) किंवा ६४-बिट (नवी घडण) असतं. ॲक्सेस २००७ फक्त ३२-बिटच होतं. ६४-बिट ऑफिस २०१० पासून सुरू झालं आणि हल्ली ऑफिस टाकताना काही न बदलता पुढे पुढे गेलात तर ६४-बिटच बसतं. काट्याचं वजन वाचायला तुम्ही विंडोजची फंक्शनं थेट बोलावली असणार, त्यांची डिक्लेअर विधानं जुन्या पद्धतीची आहेत. ६४-बिटला ती चालत नाहीत.

दुसरं : लेफ्टचा दोष नाही. कोडच्या खिडकीत टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा. यादीत कुठल्या तरी ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं असेल. एक जरी लायब्ररी (बाहेरून जोडलेला तयार कोड) हरवली तरी ॲक्सेस भलत्याच फंक्शनवर बोंब मारतं. लेफ्ट, डेट, फॉरमॅट हे नेहमीचे बळी.

सुपारी | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२८

सगळ्या डिक्लेअरना पीटीआरसेफ चिकटवा, पाच मिनिटांचं काम.

नटबोल्ट | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४१

@सुपारी, नुसतं चिकटवून ओरडा थांबतो, दुखणं राहतं. पीटीआरसेफ म्हणजे ‘मी तपासलंय, आता बोलू नकोस’ असं आपण दिलेलं लिहून. खरं काम पुढे आहे : जिथे जिथे हँडल (विंडोजने दिलेला ओळख-क्रमांक) किंवा मेमरीतला पत्ता येतो तिथे आकड्याचा प्रकार लाँगऐवजी लाँगपीटीआर करायचा. पोर्ट उघडणारं फंक्शन हँडलच परत करतं. ते अर्धवट राहिलं तर कधी चालेल, कधी ॲक्सेस न सांगता बंद पडेल, आणि हे पहाटे साडेपाचला रांग लागलेली असताना होईल.

माझं मत : कोडला हात लावू नका. ६४-बिट ऑफिस काढा आणि त्याच खात्यातून ३२-बिट टाका. इन्स्टॉलच्या पानावर ‘अदर ऑप्शन्स’मध्ये निवडता येतं. जादा पैसे पडत नाहीत. विंडोज ६४-बिट असलं तरी ३२-बिट ऑफिस सुखाने नांदतं.

क्लाउडराव | २० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

२०२५ मध्ये ॲक्सेस? खरंच? सगळं वेबवर न्या. ब्राउझर असला की झालं, ३२-६४ ची कटकटच नाही. डेटा सुरक्षित, मोबाइलवर रिपोर्ट.

खरवस | २० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

@क्लाउडराव, कल्पना चांगली आहे, पण पहाटेच्या संकलनाला लाइट असते तेव्हा रेंज नसते, आणि रेंज असते तेव्हा लाइट. संगणकाला इन्व्हर्टर आहे, टॉवरला कोण देणार?

@नटबोल्ट, तुम्ही अंतर्यामी आहात. जुन्या संगणकावर वडिलांना फोनवरून रेफरन्सेस उघडायला लावले, सगळं जागेवर आहे. नव्यावर ‘मिसिंग : मायक्रोसॉफ्ट कॅलेंडर कंट्रोल’.

भरली वांगी | २० नोव्हेंबर, सकाळी ९:१२

हा आमचा जुना मित्र! ॲक्सेस २००७ बरोबर तो कॅलेंडर कंट्रोल यायचा, ऑफिस २०१० पासून काढून टाकला. त्यामुळे ३२-बिट टाकलं तरी तो परत येणार नाही. फॉर्मवरून ते कॅलेंडर उडवा, तिथे साधा टेक्स्टबॉक्स ठेवून त्याचा फॉरमॅट तारखेचा करा. शेजारी छोटं कॅलेंडर आपोआप उगवतं. मग रेफरन्सेसमधली ती टिक काढा, आणि डिबगमधून एकदा कंपाइल करून बघा. त्या कॅलेंडरची ओसीएक्स फाइल जुन्या संगणकावरून उचलून आणायच्या फंदात पडू नका.

अवांतर : मी सपोर्टला आहे. ‘माझ्याकडे चालतं’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकते याची मोजदाद सोडून दिली. यातला सगळ्यात खवट विनोद म्हणजे विंडोजचे दोन फोल्डर. सिस्टीम३२ मध्ये ६४-बिटच्या फाइली, आणि सिसवाव६४ मध्ये ३२-बिटच्या. नावं ठेवणाऱ्याला कोपऱ्यात उभं करावं. ओडीबीसीची (प्रोग्राम डेटाबेसला जोडायची सोय) सेटिंगची फाइलसुद्धा दोन्हीकडे एकाच नावाने आहे. लोक एकात जोडणी करून ठेवतात, प्रोग्राम दुसरीकडे शोधतो, आणि ‘मी समोर बघतोय ना, आहे की जोडणी!’ म्हणून आमच्याशी भांडतात.

फॉक्सकाका | २० नोव्हेंबर, सकाळी ११:४०

वाचून मजा वाटली. आमच्या वेळी फॉक्सप्रो होतं, डेटाबेसचंच जुनं सॉफ्टवेअर. कारखान्याचं ऊसबिल मी फॉक्सप्रोत केलं होतं, चार फ्लॉप्यांत मावायचं. संचालक मंडळाने हौसेने नवा वेगवान संगणक आणला आणि प्रोग्राम चालू करताच शून्याने भागाकार केल्याची चूक. मी रात्रभर माझ्या कोडमध्ये भागाकार शोधत बसलो. सापडेना. कारण भागाकार माझा नव्हताच. फॉक्सप्रो सुरू होताना संगणकाचा वेग मोजायचं, आणि नव्या प्रोसेसरवर ते मोजमाप इतक्या झटक्यात व्हायचं की लागलेला वेळ शून्य! त्यावर नंतर एक पॅच मिळाला. तोवर मी दोन दिवस जुन्या संगणकावर बिलं काढली आणि नवा टेबलावर पूजेला.

६४-बिट विंडोजवर डॉसचे ते १६-बिट प्रोग्राम उघडतसुद्धा नाहीत. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) घालून अधूनमधून बघतो, निळा पडदा दिसला की बरं वाटतं.

अवकाळी | २० नोव्हेंबर, सकाळी ११:५१

संगणक इतका वेगवान की चालेना. आमच्या साहेबांचं वर्णन आहे हे.

निळी शाई | २० नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी वाचनालयाचं काम बघायचे. आमच्या ॲक्सेसच्या फाइलीत नऊ हजार पुस्तकांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, युनिकोड यायच्या आधीची. नव्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, म्हणून सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायला लागला. फॉन्ट टाकला असता तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण नव्या मुलीला वाटलं व्हायरस आहे, आणि तिने कपाटासमोर बसून मोठ्या निष्ठेने चारेकशे नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. मग जुना फॉन्ट लावला तर उरलेली साडेआठ हजार वाचता येतात, पण ‘क’पासूनची यादी मागितली की तिची चारशे एका टोकाला आणि बाकीची भलत्याच क्रमाने. ते निस्तरायला उन्हाळ्याची सुट्टी गेली.

@खरवस, तुमची नावं कशात आहेत?

खरवस | २० नोव्हेंबर, दुपारी २:४०

सुदैवाने युनिकोडमध्ये. २०१० साली केलेली एकमेव शहाणी गोष्ट.

सुपारी | २० नोव्हेंबर, दुपारी ३:०२

‘एकमेव’ हा शब्द लक्षात ठेवतो.

खरवस | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१८

मंडळी, गड सर झाला! काल पहाटे गावी पोचलो. काय काय झालं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

३२-बिट ऑफिस टाकलं, पहिली खिडकी गायब. कॅलेंडर उडवून टिक काढली, लेफ्ट सापडलं. मग ‘डी ड्राइव्हवर डेअरी नावाचा फोल्डर नाही’. बरोबरच आहे, नव्या संगणकाला डी ड्राइव्हच नाही! टेबलांची फाइल वेगळी ठेवली होती आणि तिचा पत्ता जुनाच जोडलेला होता. लिंक्ड टेबल मॅनेजरमधून पुन्हा जोडली. पुढे प्रत्येक वेळी पिवळी पट्टी, कोड बंद ठेवलाय म्हणून. फाइल इंटरनेटवरच्या ड्राइव्हवरून उतरवून घेतली होती, म्हणून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केलं आणि फोल्डर ट्रस्टेड लोकेशन्समध्ये घातला.

सगळ्यात जास्त वेळ काट्याने खाल्ला. जुन्या संगणकाला मागे नऊ पिनांचं पोर्ट होतं, नव्याला नाही. तालुक्याहून यूएसबीचा कन्व्हर्टर आणला, तो लावला तर त्याला पोर्टचा नंबर मिळाला सात. माझ्या कोडमध्ये ‘कॉम १’ ठोकून बसवलेलं. वजन येईना. बादली काट्यावर, वडील माझ्याकडे बघतायत, मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, ‘पोरगं पुण्याला काय करतंय म्हणालात?’ शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून सातचा एक केला, आणि पडद्यावर ८.४० उमटलं. इतका आनंद डिप्लोमा पास झाल्यावरसुद्धा झाला नव्हता.

काल संध्याकाळ, आज सकाळ आणि संध्याकाळ संकलन नव्यावर झालं. ११ ते २० चं बिल आधीच जुन्यावर निघालं होतं. २१ पासूनचं बिल आज नुसतं चाचणी म्हणून काढलं, पावत्यांशी ताळा जुळला. जुना संगणक गोणपाटात बांधून माडीवर. सगळ्यांचे मनापासून आभार, नटबोल्ट आणि भरली वांगी यांना आमच्याकडून खरवस.

नटबोल्ट | २३ नोव्हेंबर, रात्री ८:३३

अभिनंदन. जुना संगणक महिनाभर तरी हाताशी असू द्या.

क्लाउडराव | २३ नोव्हेंबर, रात्री ९:०१

एवढ्या वेळात वेबवर झालं असतं. असो.

भरली वांगी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:०६

@क्लाउडराव, वेबवर गेल्यावर काटा ब्राउझरला कसा जोडणार होतात तेही लिहा. वाट बघते.

क्लाउडराव | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

त्यासाठी एक छोटा लोकल प्रोग्राम ठेवावा लागेल.

अवकाळी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३१

३२-बिट की ६४-बिट?

एडिसनकर | २४ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

इतके दिवस रोमात (नुसता वाचत) होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला बसून दुधाच्या रांगेचं वर्णन वाचताना डोळ्यांत पाणी आलं राव. आजोळी चरवी घेऊन जायचो, त्याची आठवण झाली. वाचनखूण साठवली.

खरवस | ११ डिसेंबर, रात्री ७:५०

धागा वर काढतोय. गड गेला.

१ तारखेला २१ ते ३० नोव्हेंबरचं बिल काढलं, पैशापैशाने बरोबर. वाटप झालं, कुणाची तक्रार नाही. आज १ ते १० डिसेंबरचं बिल काढायला वडिलांनी बटण दाबलं. बिलात रोजची एक ओळ असते, दहा ओळी आणि खाली बेरीज. पहिल्या खात्याचं बिल सुरू झालं आणि डॉट मॅट्रिक्स थांबेचना. कागद टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत. दहा दिवसांना अठ्ठावीसशे रुपये घेणाऱ्या माणसाचं बिल पाऊण लाखाच्या वर! तो म्हणाला, ‘अण्णा, द्या, मी काय नाही म्हणत नाही.’

वडिलांनी प्लग उपटला. पडद्यावर बाकीची बिलं बघितली, सगळ्यांची तीच तऱ्हा. फक्त एक जण सोडून. त्याने १ नोव्हेंबरपासून दूध घालायला सुरुवात केलीय. त्याचं बिल शून्य.

रोजच्या नोंदी उघडून बघितल्या, १ ते १० डिसेंबरचं दूध तारीखवार जागच्या जागी आहे. म्हणजे डेटा गेलेला नाही, पण बिलात तो येत नाही आणि दुसरंच काहीतरी येतंय. मी पुण्यात, सुट्टी नाही. लोकांचे पैसे परवापर्यंत द्यायचेत.

सुपारी | ११ डिसेंबर, रात्री ७:५८

फाइल बिघडली असेल. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर मारा. दोन जीबीच्या पुढे तर नाही ना गेली?

खरवस | ११ डिसेंबर, रात्री ८:०४

कॉम्पॅक्ट केलं, फरक नाही. फाइल शंभर एमबीपण नाही.

एडिसनकर | ११ डिसेंबर, रात्री ८:२०

मी आज घरी आहे आणि माझ्याकडे ॲक्सेस आहे. नावं आणि खातेनंबर पुसून प्रत पाठवा, इथे चालवून बघतो.

एडिसनकर | ११ डिसेंबर, रात्री ९:४७

फाइल मिळाली. १ ते १० डिसेंबर निवडलं, बटण दाबलं. प्रत्येकाच्या दहा ओळी आल्या, नोव्हेंबरात आलेल्या माणसाचंही बिल आलं. इथे बिल बिनचूक येतंय!

अवकाळी | ११ डिसेंबर, रात्री ९:५०

म्हणजे आता गावाला दूध एडिसनला घालावं लागणार.

भरली वांगी | ११ डिसेंबर, रात्री ९:५८

थांबा थांबा. @खरवस, त्या लांबलेल्या बिलाची पहिली ओळ कुठल्या तारखेची आहे? आणि शेवटची?

खरवस | ११ डिसेंबर, रात्री १०:०६

वडिलांना विचारलं. कागद गुंडाळून ठेवलाय. पडद्यावर बघून सांगितलं : पहिली १२ जानेवारी, शेवटची १२ ऑक्टोबर.

भरली वांगी | ११ डिसेंबर, रात्री १०:०८

झालं. कागदावर आकड्यात लिहा. ०१-१२. १०-१२. आता महिना आधी धरून वाचा.

खरवस | ११ डिसेंबर, रात्री १०:११

अरे देवा.

नटबोल्ट | ११ डिसेंबर, रात्री १०:३०

भरली वांगी यांना सलाम. बाकीच्यांसाठी उलगडून लिहितो.

क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) जोडताना तुम्ही दोन हॅशच्या (# या खुणेच्या) मध्ये तारीख तशीच चिकटवलीय ना? चिकटवताना तारखेचं अक्षरांत रूपांतर होतं, आणि ते त्या संगणकाच्या रीजनल सेटिंगप्रमाणे (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारीख लिहायची ते) होतं. पण हॅशमधली तारीख ॲक्सेसचं इंजिन वाचतं तेव्हा ते सेटिंग बघतच नाही. ते आधी महिना धरतं, अमेरिकन पद्धतीने, मग तुम्ही कुठेही असा. जुना संगणक ज्याने बांधून दिला त्याने रीजन ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ ठेवलं असणार, म्हणून लिहिणारा आणि वाचणारा दोघेही महिना आधी धरून चालले. पंधरा वर्षं. नव्यावर कुणीतरी शहाण्याने ‘इंग्लिश इंडिया’ निवडलं, तिथे दिवस आधी.

आणि २१ ते ३० का बरोबर आलं? एकविसावा महिना नसतो. अशा वेळी ॲक्सेस चूक दाखवत नाही, गुपचूप उलटवून घेतं आणि बरोबर उत्तर देतं. तुम्ही चाचणी घेतली ती नेमकी २१ तारखेच्या पुढची. माझा राग त्या गुपचूपवर आहे. सरळ तोंडावर फेकलं असतं तर २२ नोव्हेंबरलाच पकडलं गेलं असतं.

फॉक्सकाका | ११ डिसेंबर, रात्री १०:४४

म्हणजे प्रोग्राम अमेरिकेत बरोबर चालतो, कारण तो पहिल्यापासून अमेरिकेतच होता, गाव तेवढं सांगली जिल्ह्यातलं.

सुपारी | ११ डिसेंबर, रात्री १०:५०

मग नव्या संगणकाचं रीजन अमेरिका करून टाका, विषय संपला.

निळी शाई | ११ डिसेंबर, रात्री ११:०२

आज रात्री करा हवं तर, बिलं निघतील. पण पुढच्या वेळी नवा संगणक घेतला की हेच. शिवाय पडद्यावर तारखा उलट्या दिसल्या की वडिलांचा गोंधळ वेगळाच.

नटबोल्ट | ११ डिसेंबर, रात्री ११:१५

निळी शाई यांच्याशी सहमत. क्वेरीत तारीख घालताना फॉरमॅट फंक्शनने वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहून घ्या, मधल्या रेघांआधी उलटी तिरपी रेघ द्या. मग कुठलंही रीजन असो, अर्थ एकच. एक छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

पण बिलापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. हॅश अजून कुठे कुठे आहेत? दर कसा उचलता?

खरवस | १२ डिसेंबर, रात्री १२:३५

कोडमध्ये शोध घेतला. हॅश तेरा ठिकाणी. बारा नुसत्या रिपोर्टमध्ये. तेरावा दराचा.

दरपत्रक बदललं की लागू तारखेसह नवं पत्रक भरतो. पावतीच्या वेळी ‘आजच्या तारखेपर्यंत लागू झालेलं शेवटचं पत्रक’ शोधून दर उचलला जातो. आजची तारीख, हॅशमध्ये. म्हणजे १ डिसेंबरला १२ जानेवारीचा दर लागला. २ ला १२ फेब्रुवारीचा. ३ ला १२ मार्चचा. असं करत काल १० ला १२ ऑक्टोबरचा, आज ११ ला १२ नोव्हेंबरचा. अकरा दिवसांत वर्षभराचे दर फिरून आले, आणि ते नोंदीत जाऊन बसलेत. बिलाची क्वेरी नीट केली असती तर चुकीच्याच दराची बेरीज बिनबोभाट निघाली असती.

वडिलांना उठवून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, चौऱ्याऐंशी नंबरच्या आजी ४ तारखेला आल्या होत्या. त्या सगळ्या पावत्या तारेला ओवून ठेवतात. दोन पावत्या पुढे धरून विचारत होत्या, काल आणि आज फॅट तेवढीच, एसएनएफ तेवढंच, मग दर वेगळा का? वडील म्हणाले, ‘मी म्हटलं, आजी, मशीन खोटं बोलत नाही.’

भरली वांगी | १२ डिसेंबर, रात्री १२:४१

आजींना सपोर्टला घ्या.

एडिसनकर | १२ डिसेंबर, रात्री १२:५०

आणि मी इथून ‘बिनचूक’ म्हणून शिक्का मारला होता. माफ करा. मी फक्त बेरीज बघितली, दराकडे नजरच गेली नाही.

खरवस | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:२२

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने गावी आलो. शनिवारी तेराही ठिकाणी नवं फंक्शन लावलं. टेबलांच्या फाइलीची आधी प्रत काढली, मग १ ते ११ डिसेंबरच्या सगळ्या नोंदींवर दर पुन्हा लावला. १२ तारखेला हात लावावा लागला नाही, बारा-बारा उलटं केलं तरी तेच. त्यानंतर प्रत्येक खात्याला जुना दर, नवा दर आणि फरक अशी यादी छापली आणि दारावर लावली. बहुतेकांना थोडे पैसे वर निघाले, काहींना जास्त लागलेले वळते झाले. त्यावरून थोडी कुरबूर झाली, ती चेअरमननी मिटवली. बिलं एक दिवस उशिरा, पण वाटली.

आजींच्या तारेवरच्या पावत्यांवरून मी ताळा केला. बावीस पावत्या, सकाळ-संध्याकाळच्या. कार्यालयाच्या पायरीवर बसून एकेक काढून देत होत्या, आणि माझा आकडा ऐकल्यावर आधी स्वतः मनात मोजून मगच ‘हां’ म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘तारीख उलटी झाली एवढंच ना? मग अण्णा मशीनचं का सांगत होता?’

क्लाउडराव | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

खरं सांगायचं तर वेबवरही तारखांची हीच बोंब असते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक बुकिंग पाच महिने पुढे पडलं होतं. काही बोलत नाही मी.

नटबोल्ट | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

@खरवस, छान निस्तरलंत. एक सांगून ठेवतो. १ जानेवारीला दर बरोबर आला म्हणून नाचू नका, ०१-०१ उलटसुलट सारखंच. २ तारखेला बघा.

खरवस | २ जानेवारी २०२६, सकाळी ९:१०

सकाळचं संकलन झालं. १९१ पावत्या. वडिलांनी पहिलीच पावती दरपत्रकाशी लावून बघितली, जुळली. चौऱ्याऐंशी नंबरची पावती मात्र आजींनी स्वतःच कालच्या शेजारी धरून बघितली, आणि काही न बोलता तारेला लावली.

अवकाळी | २ जानेवारी, सकाळी ९:१४

आता तो गोणपाटातला संगणक विकणार का? मिक्सर बिघडलाय, बदल्यात बघा.